ऑनरला ‘सन्मान’ नको वाटतं, मग काय लिहायचं?

प्रश्न मिरजेच्या एका ताईंचा आहे. त्या पोरांना कराटे शिकवतात, आणि सुट्टीत क्लासच्या मुलांना ‘द कराटे किड’चा दुसरा भाग, १९८६ चा, दाखवणार आहेत. पोरांना त्यातलं इंग्लिश झेपत नाही म्हणून ताई स्वतः बसून मराठी सबटायटल लिहितायत. त्यांनी मेंटॉरला ‘मार्गदर्शक’ आणि ऑनरला ‘सन्मान’ असं लिहून बघितलं, पण वाचताना सगळं गॅदरिंगच्या निवेदनासारखं वाटतंय, तर आपल्याकडं यासाठी खरे शब्द कुठले असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमच्या कानाला खटकलं ते बरोबर खटकलंय. सन्मान हा देण्याघेण्याचा शब्द आहे, सन्मान करतात, सन्मान होतो, त्याला शाल लागते, श्रीफळ लागतं, मांडव लागतो. ‘माझा सन्मान गेला’ असं आपल्याकडं कुणी म्हणत नाही आणि सन्मानापायी कुणी कुणाच्या जिवावर उठत नाही. या पिक्चरात तर ओकिनावा या जपानी बेटावरचा सातो चाळीसच्या वर वर्षं एकच राग उरात धरून बसलाय. तो आणि मियागी, म्हणजे डॅनियल नावाच्या पोराला कराटे शिकवणारा म्हातारा, लहानपणापासूनचे जिवलग, दोघं शिकले एकाच माणसाकडं आणि तो माणूस म्हणजे मियागीचे वडील. सातोचं युकीएशी लग्न ठरलेलं असताना मियागीनं चारचौघांत सांगून टाकलं की माझं तिच्यावर मन आहे, आणि मग सातोनं झुंज मागितली. मित्रावर हात उचलायचा नाही म्हणून मियागी ओकिनावाच सोडून गेला, आणि आता वडील शेवटच्या दुखण्यात आहेत म्हणून पत्र आल्यावर डॅनियलला घेऊन परत येतो तर सातो अजून तिथंच उभा.

सातोचं जे दुखलंय त्याला आपल्याकडं आब्रू म्हणतात. मी मुद्दाम काना देऊन लिहिलंय. पुस्तकात अब्रू असतं, पण आमच्या वाळव्याकडची, कराडकडची जुनी माणसं आब्रू म्हणतात आणि शाळेत ते गावंढळ म्हणून खोडलं जायचं. प्रत्यक्षात मूळ फारसी शब्द आबरू असाच आहे, आब म्हणजे पाणी आणि रू म्हणजे चेहरा. तोंडावरचं पाणी, म्हणजे तेज, ते म्हणजे आब्रू. आणि गंमत बघा, फारसीत काना न देता अबरू म्हटलं तर त्याचा अर्थ होतो भुवई! म्हणजे ज्या म्हातारीचं बोलणं अशुद्ध ठरवलं ती मुळाच्या जास्त जवळ होती. मला हे कळलं तेव्हा माझी आज्जी हयात नव्हती, नाहीतर पहिल्यांदा तिलाच सांगितलं असतं.

हे पाणी मराठीत आधीपासून वेगळ्या वाटेनंही आहेच. पाणीदार डोळे, पाणीदार बैल, ‘त्याचं पाणी जोखलं’, ‘पाणी दाखवलं’, ‘आता पाणी उतरलं’. ‘आब राखून बोल’ मधला आब तोच फारसी. त्यामुळं आब्रू परकी वाटतच नाही, तिला इथं आयतं घर मिळालं.

आणि जपानी भाषेतही इज्जत बसते ती चेहऱ्यावरच, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तिकडं कुणाची बेइज्जती झाली की त्याचा चेहरा चिरडला असं म्हणतात, आणि दुसऱ्याला मान खाली घालायला लावली तर त्याच्या तोंडाला चिखल फासला असं म्हणतात. आपण तोंडाला काळं फासतो, ते चिखल फासतात, एवढाच काय तो फरक. म्हणून सातोच्या तोंडी तुम्ही बिनधास्त लिहा, ‘तू माझ्या तोंडाला काळं फासलंस’. पोरांना एका सेकंदात कळेल आणि जपानी माणसाला समजावून सांगितलं तर तोही नाही म्हणणार नाही.

नाकाचंही तसंच. या भागाच्या सुरवातीला मियागी एका माजलेल्या मास्तरला जमिनीवर आणतो, हात उगारतो, आणि मारायच्या ऐवजी त्याचं नाक दाबून सोडून देतो. शेवटी डॅनियल सातोच्या पुतण्याला, चोझेनला, हरवतो तेव्हा तेच करतो. इंग्लिशमध्ये बघणाऱ्याला ती मस्करी वाटत असेल, पण मराठी माणसाचं सगळं नाकातच असतं, नाक कापलं, नाक ठेचलं, नाक वर करून चालतो, नाक घासायला लावलं. जीव घ्यायची वेळ हातात असताना नुसतं नाक धरून सोडलं याचा अर्थ आपल्या पोरांना सबटायटलशिवाय कळेल, तिथं काहीच लिहू नका.

बाकीचे शब्द पटकन सांगतो. इज्जत चालेल पण ती हिंदी पिक्चरांमुळं जरा घासून गुळगुळीत झालीय. इभ्रत मला आवडतो, घराण्याची इभ्रत, गावाची इभ्रत. मूळ अरबीत त्याचा अर्थ धडा, दुसऱ्याकडं बघून घ्यायची समज असा होता, उर्दूत अजून तोच आहे, मराठीत मात्र तो सरकत सरकत प्रतिष्ठेवर येऊन बसला. सातो गावातला बडा माणूस, गावाची जमीन त्याच्या ताब्यात, तर त्याच्याबद्दल तिसरा कुणी बोलत असेल तर इभ्रत छान बसेल. मान हा लोकांनी द्यायचा, मानाचा फेटा, मानाची गदा, जत्रेतली मानाची कुस्ती. तो मान पुल्लिंगी आणि गळ्यामागची मान स्त्रीलिंगी, दोन्ही वेगळ्या मुळांचे, मानेची मान संस्कृत मन्या वरून आलीय, पण मान मिळाला की मान ताठ होते म्हणून बोलताना ते एकच वाटतात.

पण ताई, खरी अडचण पुढं आहे. मियागीच्या ऑनरला आब्रू लिहून चालणार नाही, कारण लोकांच्या डोळ्यात त्याची आब्रू केव्हाच गेलीय. तो पळपुटा आहे. हाच शब्द वापरा, भित्रा नको, कारण भित्रा कुणीही असतो, पळपुटा म्हणजे उभं राहायच्या वेळी गेलेला. आणि तरी तो माणूस शांत आहे. त्याच्याकडं जे आहे त्याला आपल्याकडं एकच शब्द पुरतो, तो म्हणजे ‘शब्द’. शब्द दिला, शब्द पाळला, शब्दाला जागला, शब्दाचा पक्का. सातो गावच उठवायला निघतो तेव्हा मियागी झुंजीला तयार होतो, पण अट घालतो की कुणीही जिंको, जमिनीची कागदं गावाच्या नावावर करून द्यायची. स्वतःच्या नाकासाठी तो उभा राहिला नाही, गावासाठी राहिला.

यासाठी पोरांना उदाहरण हवं असेल तर लांब जायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तो झाला मान. आणि त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं घेतली, त्या पैशातनं सरांचं घर सोडवून दिलं, तो झाला शब्द. मिरवणुकीचा फोटो सगळ्यांना माहितीय, पण मला विचाराल तर ऑनरचा अर्थ त्या सोडवलेल्या घरात आहे.

आता मेंटॉर. मार्गदर्शक रस्त्याच्या कडेला उभा राहून हात दाखवतो. गुरू चालेल पण मुलांच्या डोक्यात लगेच दाढी आणि आश्रम येतो. आपल्या सातारा-सांगलीत या माणसाला नेमका शब्द आहे, वस्ताद. फारसी उस्तादचाच हा मराठी अवतार, आणि सुरवातीच्या ‘उ’चा ‘व’ होणं हे एकट्या त्याचं नाही, उस्तऱ्याचा वस्तरा असाच झालाय. लहुजी वस्ताद साळवे, ज्यांच्या पुण्यातल्या तालमीत जोतिराव फुले दांडपट्टा शिकले, त्यांच्या नावातच तो बसलाय. उस्ताद म्हटलं की आज तबला-सतार डोळ्यापुढं येते, वस्ताद म्हटलं की लाल माती.

मी दहा वर्षांचा असताना गावातल्या तालमीत घातलं होतं. पहिले पंधरा दिवस डाव नाही, जोड नाही, काही नाही, पहाटे उठायचं आणि खोऱ्यानं हौदातली माती उकरायची. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर घातलेलं असतं, ती ओली जड माती ओढून ओढून तळहाताला फोड आले, मी घरी येऊन रडलो की मला कुस्ती शिकवतच नाहीत. सोळाव्या दिवशी वस्तादांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले सोडव. मला काही सुचेना, तर म्हणाले, आरं खोरं वडतोस तसं वड की. मी कंबरेतनं वाकून ओढलं आणि हात सुटला. ते हसले पण नाहीत, नुसतं ‘उद्या लंगोट घिऊन ये’ म्हणाले. नंतर कधीतरी पिक्चरच्या पहिल्या भागात मियागी कराटे शिकवायच्या आधी डॅनियलला गाडी पुसायला आणि कुंपण रंगवायला लावतो ते बघितलं तेव्हा मला अक्षरशः त्या मातीचा वास आला. हे सांगायचं कारण म्हणजे वस्ताद हा शब्द मियागीला वरनं चिकटवावा लागत नाही, काम तेच आहे.

एक काळजी घ्या. ‘लई वस्ताद हाय त्यो’ म्हटलं की अर्थ बदलतो, तिथं तो चलाख, बिलंदर होतो. म्हणून सबटायटलमध्ये तो विशेषण म्हणून येऊ देऊ नका, हाक म्हणून किंवा नात्यानं येऊ द्या, ‘माझे वस्ताद’, ‘वस्तादांनी सांगितलंय’. आणि जोडीला पट्ठा आणा. मैदानात नाव पुकारताना ‘अमुक वस्तादांचा पट्ठा’ असंच पुकारतात. शिष्य, विद्यार्थी यापेक्षा पट्ठा लाख पटीनं बरा, त्यात माया पण आहे. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी तमाशाच्या फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले, एवढी ताकद त्या शब्दात आहे. मग सातो आणि मियागी कोण, तर एकाच वस्तादाचे दोन पट्ठे. हे एकदा लिहिलंत की मियागीचे वडील वारल्यावर सातो वैर बाजूला ठेवून तीन दिवस थांबतो ते लगेच पटतं. आपल्याकडं वस्ताद गेले की तालमीतली सगळी पोरं खांदा द्यायला असतात, भांडणं असली तरी.

‘सेन्सेई’ हा गुरूसाठीचा जपानी शब्द तुमच्या क्लासमध्ये वापरत असालच. त्याचा अक्षरशः अर्थ ‘आधी जन्मलेला’. मराठीत याच्या सगळ्यात जवळ ‘वडील’ येतो, कारण वडील म्हणजे मुळात थोरला, ‘वडील भाऊ’ अजून म्हणतातच, बाप हा अर्थ नंतरचा. म्हणून मला त्या समुद्रकाठच्या प्रसंगाचं फार वाटतं, वडील गेल्यावर मियागी एकटा बसलाय आणि डॅनियल, ज्याचे वडील आधीच गेलेत, जवळ येऊन बसतो आणि आपल्या बापाच्या जाण्याबद्दल बोलतो. त्या वेळी थोरला कोण झाला? तिथं डॅनियलच्या तोंडी ‘तुमचे वडील’ असं साधं लिहा, ‘पिताजी’ किंवा ‘पिताश्री’ चुकूनही नको.

डॅनियल मियागीला तुम्ही म्हणेल, मियागी त्याला तू म्हणेल, पण ‘डॅनियल-सान’ मधला सान तसाच ठेवा. तो आदराचा शब्द म्हातारा माणूस पोराला लावतोय. मला विचारलं तर आमचे वस्ताद नाकातनं शेंबूड गळणाऱ्या पोरालासुद्धा पहिल्या दिवसापासून ‘काय पैलवान’ म्हणायचे ना, तेच ते. पोरांना सांगताना एकदा तोंडी सांगा, सान म्हणजे आपलं पैलवान.

शेवटच्या झुंजीत लोक छोटे ढोल फिरवतात, दोऱ्याला मणी बांधलेले, दोन्हीकडनं टकटक वाजणारे. त्याला डमरू लिहू नका, शंकर डोळ्यापुढं येईल, बुडबुडकं लिहा, जत्रेत मिळतंच. आणि पोरांना विचारा, मैदानात कुस्ती रंगली की हलगी कशी चढते, तर ते स्वतःच सांगतील की डॅनियलच्या अंगात तेव्हा काय आलं. सबटायटल झाली की मला एकदा दाखवा, आणि सातोच्या वाक्यात कुणी आब्रूचा काना काढला तर परत घाला.