'फुल'चा दुसरा एल गेला कुठे?

प्रश्न : सर, मुलगी दहावीत आहे. सराव पेपरात तिने 'ब्यूटिफुल'च्या शेवटी दोन एल लिहिले आणि 'फेमस'मध्ये ई ठेवला. मार्क गेले. ती म्हणते, 'फुल'मध्ये दोन एल असतात, मग इथे एकच कसा? मी सातवी शिकलेला, काय सांगू?
– एक कापूसवाला शेतकरी, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, पोरीला रागावू नका, तिची शंका रास्त आहे. 'फुल' एकटा असला की दोन एल, दुसऱ्या शब्दामागे लागला की एकच. 'केअरफुली'त दोन दिसतात, पण त्यातला एक 'ली'चा.

आता ई. मागचा प्रत्यय स्वराने सुरू होत असेल तर शब्दाच्या शेवटचा मुका ई जातो. 'फेम'मागे 'अस' आला, त्याचं पहिलं अक्षर ओ, म्हणून ई गेला. 'होपफुल'मध्ये एफ आला, ई राहिला. इथवर कुठलंही गाईड सांगेल. पण 'करेजस'मध्ये ओ येऊनही ई ठेवतात, त्याचं कारण पोरांना क्वचितच कळतं. ई काढला की जी ओला भिडतो आणि 'ज'चा 'ग' होतो. 'नोटिसेबल'मधला ई तसाच सीसाठी, नाहीतर 'स'चा 'क' वाचावा लागेल. 'ट्रुली'त ई का नाही, ते विचारू नका. सरळ पाठ करायचं.

पुढे लागणारे उपसर्ग गरीब, मूळ शब्दाला हात लावत नाहीत. 'अन' आणि 'नेसेसरी' मिळून दोन एन. 'डिसअपॉइंट'मध्ये एस एक, पी दोन. पोरं नेमकं उलट लिहितात. 'इन' मात्र स्वतःच बदलतो : 'लीगल'आधी 'इल', 'रेग्युलर'आधी 'इर'. तिला मराठीच्या तासाची संधी आठवायला सांगा. तत् अधिक लीन, तल्लीन. तिथे त् चा ल् झाला, इथे एनचा एल.

राहिलं अक्षर दुप्पट होणं. 'मड'मध्ये एक स्वर, शेवटी एक व्यंजन, म्हणून पावसाळ्यातल्या आपल्या पांदण रस्त्याला 'मडी' म्हणताना डी दोन. 'रेन'मध्ये दोन स्वर, म्हणून 'रेनी'त एन एकच. आणि फवारणीच्या लाल खुणेच्या डब्यावर कवटीजवळ 'पॉयझन' छापलेलं असतं, त्याचं 'पॉयझनस' तिला लिहायला लावा. दोन एन लिहिले तर सांगा, जोर 'पॉय'वर आहे, शेवटावर नाही, म्हणून एन एकच.