रोटरी टेबलला ९० अंश सांगितले तर ते ११२ अंश का फिरतं?

तुमची अडचण अशी: छोट्या मिलवर ४ इंची रोटरी टेबलला (जॉब गोल फिरवणाऱ्या टेबलला) स्टेपर, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर, लावून ए हा फिरता अक्ष जोडलाय, लिनक्ससीएनसी या यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवताय. ए९०, म्हणजे ९० अंशांची आज्ञा, दिली की टेबल साधारण ११२ अंश फिरतं. शिवाय गोल जॉबवर अक्षरं कोरताना काही रेघा रांगत जातात, काही झपकन होतात. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पहिल्याचं उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. ९० भागिले ७२ म्हणजे १.२५, आणि ९० च्या सव्वापट ११२.५. टेबलचा वर्म (टेबल फिरवणारा स्क्रूसारखा गिअर) ७२:१ चा, म्हणजे त्याच्या ७२ फेऱ्यांत टेबलचा एक फेरा होणारा, दिसतोय आणि लिनक्ससीएनसीच्या सेटिंग फाइलमधलं स्केल, म्हणजे एका अंशाला किती पल्स, ९०:१ धरून भरलंय. खात्री हातानेच करा. स्टेपर काढा, हँडल लावा, रेघ शून्यावर जुळवा आणि हँडल बरोबर एक फेरा फिरवा. टेबल ५ अंश सरकलं तर ७२:१, ४ अंश सरकलं तर ९०:१.

मोटर २०० स्टेपची आणि ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे ८ भाग) असेल, तर एका फेऱ्याला १६०० पल्स. १६०० गुणिले ७२ भागिले ३६० म्हणजे ३२०. फाइलमधल्या ए च्या जॉइंट विभागात स्केल ३२० टाका. आत्ता तिथे बहुतेक ४०० असेल. कमाल वेग अंश प्रति सेकंदात भरायचा असतो. मोटर ६०० आरपीएमला स्टेप न चुकवता फिरत असेल तर सेकंदाला ५० अंश.

तपासताना ९० अंशांवर समाधान मानू नका. टेबलवर चौकोनी ठोकळा बांधा, त्याला डायल गेज टेकवून शून्य करा. गेज बाजूला घेऊन, रॅप्ड रोटरी (कोन ३६० अंशांच्या आत गुंडाळणारी सेटिंग) बंद ठेवून ए३६०० द्या आणि गेज परत टेकवा. दहा फेऱ्यांत चूक दहापट होऊन समोर येते.

आता कोरकाम. ओळीत एकटा ए फिरत असेल तर एफ, म्हणजे कापण्याच्या वेगाचा आकडा, हा अंश प्रति मिनिट धरला जातो. ५० मिमी व्यासाच्या जॉबवर एक अंश म्हणजे जेमतेम ०.४४ मिमी, म्हणून एफ२०० देऊनही कटर मिनिटाला ८७ मिमीच कापतो. उलट एक्स (सरळ रेषेतला अक्ष) जरासा सरकतो आणि ए खूप फिरतो, तिथे एफ फक्त एक्सला लागतो आणि टेबल पळतं. कटर तुटतो तो इथेच. कॅमच्या (कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोस्टमध्ये, म्हणजे यंत्राला हवा तसा कोड काढून देणाऱ्या भागात, जी९३, म्हणजे इन्व्हर्स टाइम (हालचाल किती वेळात संपवायची त्यावरून एफ), निवडा. मग प्रत्येक जी१ (कापत सरकण्याच्या) ओळीला स्वतःचा एफ येतो आणि दोन्ही तक्रारी मिटतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पुढे नक्की छळेल: वर्ममधला प्ले, म्हणजे गिअरमधली ढिलाई. मी ४० दात्यांचं गिअर कापलं तेव्हा काही दाते नखाला जाणवतील इतके बारीक आले. स्केल अचूक होतं, पण कटर दात्यात शिरताना टेबलला प्लेमध्ये ओढत होता. ०.०५ अंशाचा प्ले ५० मिमी त्रिज्येवर ०.०४ मिमी होतो. सॉफ्टवेअरमधलं बॅकलॅश कॉम्पेन्सेशन (प्लेची भरपाई) जागा बरोबर गाठून देतं, कटरचा जोर ते अडवू शकत नाही. आधी टेबलची एक्सेंट्रिक बुश (फिरवली की वर्म जवळ-दूर करणारी) फिरवून वर्म घट्ट करा, पण पूर्ण फेऱ्यात कुठेही जड लागता कामा नये. दर दात्याला २ अंश मागे जाऊन एकाच दिशेने जागेवर या, टेबल लॉक करा, मगच कापा. लॉक सोडल्याशिवाय पुढची हालचाल सुरू होऊ नये म्हणून मी प्रत्येक दात्याआधी आणि नंतर एम० (थांबण्याची आज्ञा) टाकतो.