लघवीची पिशवी न काढता उपचार होऊ शकतात का?

ताई, बाबांच्या बायोप्सीत कॅन्सर पिशवीच्या स्नायूत शिरल्याचं आलंय आणि सर्जन पिशवी काढायची म्हणताहेत, हे वाचलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांचं नेमकं हेच झालं होतं. त्यांची पिशवी आजही शाबूत आहे. पण बाबांची वाचेलच, असं मी म्हणणार नाही. ते गाठीवर अवलंबून आहे.

पिशवी वाचवणाऱ्या या उपचारात आधी दुर्बिणीतून दिसेल तेवढी सगळी गाठ खरवडून काढतात, मग रेडिएशन आणि त्याच दिवसांत केमो. गाठ शक्यतो एकच हवी, सात सेंटिमीटरहून लहान. दोन्ही किडन्या एकाच वेळी सुजलेल्या नकोत, अस्तरावर कार्सिनोमा इन सिटू (म्हणजे खोल न शिरता अस्तरातच राहिलेला कॅन्सर) ठिकठिकाणी पसरलेला नको. पिशवीही धड काम करणारी हवी. दर अर्ध्या तासाला उठावं लागत असेल तर तशी पिशवी वाचवून माणसाचे हालच होतात.

सिस्प्लॅटिन हे केमोचं नेहमीचं औषध किडनीला झेपणार नसेल तरी मार्ग आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत 360 रुग्ण होते. रेडिएशनसोबत फाइव्ह-एफयू आणि मायटोमायसिन ही केमोची दुसरी औषधं दिलेल्यांपैकी 67 टक्के लोकांना दोन वर्षांनी पिशवीत किंवा आसपास आजार नव्हता. नुसत्या रेडिएशनवाल्यांत 54 टक्के. 2023 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या 722 रुग्णांचा अभ्यास आला. पिशवी काढलेले आणि वाचवलेले, दोन्हींत पाच वर्षांनी सुमारे 75 टक्के लोकांत आजार इतरत्र पसरलेला नव्हता. मात्र हे सगळे निवडक रुग्ण होते, आणि वाचवलेल्यांपैकी 13 टक्के लोकांची पिशवी पुढे काढावीच लागली.

यजमानांना रेडिएशनची 32 सिटिंग दिली. रोज टेबलावर जाण्याआधी लघवी करून यायचं. चौथ्या आठवड्यात जळजळ इतकी वाढली की एका रात्री ते सात वेळा उठले. मी कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायचे, डॉक्टर त्याच बघून औषध बदलायचे. नंतर दर तीन महिन्यांनी दुर्बीण. दुसऱ्या वर्षी अस्तरावर बारीकसा ठिपका निघाला, तो काढला. तपासणी चुकवली असती तर तो कळलाच नसता. बाबा या फेऱ्या करणार नसतील, तर ऑपरेशनच बरं.

निर्णयाआधी एकदा रेडिएशनच्या डॉक्टरांनाही भेटा, याच आठवड्यात. सर्जनकडे चिठ्ठी मागायला संकोच करू नका. जाताना बायोप्सीचा कागद आणि सीटीची सीडी दोन्ही न्या. सीटीत किडनीबद्दल काय लिहिलंय, तेवढं मला कळवा.