तलावातील सूक्ष्मजीव : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पितृपक्षानंतर बाणगंगेत मासे मरून वर आल्याच्या बातम्या येतात. पाण्यात विष मिसळते का? (वाळकेश्वर)

असे मासे मरण्यामागे बहुतेक वेळा विष नव्हे, तर प्राणवायूची टंचाई असते. पिंड, भात, पीठ आणि फुले म्हणजे पाण्यातील जिवाणूंना आयते मिळालेले जेवण. ते मिळताच त्यांची संख्या काही तासांत अनेक पटींनी वाढते आणि अन्न कुजवताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. मुळात तो असतोच किती? ३० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये फार तर ७.५ मिलिग्रॅम; पाणी तापेल तसा आणखी कमी. रात्री शैवालाकडून प्राणवायूची निर्मिती थांबते, श्वसन मात्र सर्वांचे चालूच राहते. त्यामुळे पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली जाते आणि मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात. नैवेद्य पाण्यात सोडण्याऐवजी निर्माल्य कलशात ठेवला, तर ही वेळ बरीचशी टळेल.

प्रश्न : घरच्या नव्या फिशटँकमधले पाणी स्वच्छ दिसते, दर आठवड्याला फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतो, तरी मासे मरतात. (दादर)

मासे मरण्याचे कारण बहुधा त्या धुण्यातच आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कल्ल्यांना जाळतो. नायट्रोसोमोनास आणि त्याच्यासारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरा त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. तलावात हेच काम दगडांवर आणि गाळाच्या वरच्या थरात चालते, तुमच्या टँकमध्ये ते मुख्यतः त्या स्पंजवर चालते. ही वसाहत फार सावकाश वाढते आणि नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे घेते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने आपण ती दर आठवड्याला मारतो आहोत. स्पंज टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा. तो थोडा तपकिरी राहिला तर राहू द्यावा.

प्रश्न : पवई तलावाच्या काठाशी उन्हाळ्यात ऑइलपेंट सांडल्यासारखा हिरवा थर दिसला. ते पाणी उकळून वापरता येईल का? (भांडुप)

अजिबात वापरू नये. अशा थराला आपण नील-हरित शैवाल म्हणतो. प्रत्यक्षात ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच असतात. (पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू भरण्याचे श्रेय त्यांच्याच पूर्वजांना जाते, त्यामुळे त्यांना सरसकट वाईट ठरवणे मला पटत नाही.) सांडपाण्यातून फॉस्फरस आला, ऊन आणि संथ पाणी मिळाले की ते फोफावतात. मायक्रोसिस्टिससारख्या प्रजातींच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असल्याने त्या पृष्ठभागावर तरंगतात, आणि त्यांपैकी काही यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन तयार करतात. उकळल्याने जिवाणू मरतात, हे विष मात्र टिकते. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरते. थर विषारी आहे की नाही हे नुसते पाहून ओळखता येत नाही, तेव्हा कुत्र्यालाही तिथे उतरू देऊ नका.

प्रश्न : सोसायटीच्या तळ्यासाठी 'उपयुक्त जिवाणूं'ची पावडर घ्यावी का? (मुलुंड)

माझ्या मते तरी आधी नको. साध्या तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यातही लाखो जिवाणू असतात. कमतरता त्यांची नसून प्राणवायूची असते. तळ्यात येणारी सांडपाण्याची गळती शोधून बंद करा, कारंजे रात्रीही चालू ठेवा, तळाचा काळा गाळ काढा. पावडरीचे पैसे प्लंबरला द्यावेत.