ताटकळत ठेवणारा षड्ज

प्रश्न : मला रागदारीतलं काही कळत नाही. तरी उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐकताना दर वेळी गळा दाटून येतो. त्यांच्याहून गोड गळ्याचे गायक ऐकले, तिथे असं होत नाही. ही आवाजाची देणगी की रियाज? – एक श्रोता

उत्तर : आवाज चांगला असला की बरंच. पण तुमचा गळा दाटतो त्याचं कारण मारव्यातच शोधायला हवं.

या रागात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घ्यायचाच नाही, आणि रिषभ (रे) कोमल, म्हणजे थोडा उतरा. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा अखंड षड्ज, म्हणजे सा, देत असतात आणि खाँसाहेब त्याला अगदी लागून असलेल्या कोमल रिषभावर येऊन थांबतात. एवढ्या जवळचे दोन सूर एकत्र वाजले की कान अस्वस्थ होतो, आता षड्जावर यावं असं त्याला वाटू लागतं. कच्चा गवई लगेच येतो. खाँसाहेब येत नाहीत. नि, रे, ग असे षड्जाला ओलांडून वर जातात, परत धैवतापर्यंत (ध) उतरतात, पुन्हा रिषभ. झुमरा ताल १४ मात्रांचा, त्यात त्यांची लय अतिविलंबित, अगदी संथ, म्हणजे ताटकळत ठेवायला भरपूर जागा. शेवटी षड्ज लागतो तेव्हा तुम्ही इतका वेळ त्याच्याचसाठी थांबलेले असता. रागाचं नाव माहीत नसलं तरी ही ओढ लागायची राहत नाही.

रियाज लागतो तो इथे. दरबारी रागातला गंधार (ग) शिकवताना मी हार्मोनियम बाजूला ठेवायला सांगते, कारण पेटीच्या पट्टीत तो सूर नाहीच. तो कोमल गंधाराहूनही उतरा असतो, मध्यमाचा (म) कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन येतो आणि संथ झुलतो. मुलं झुलवण्याऐवजी आवाज थरथरवतात. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाव आहे! मला मात्र त्यात नुसता गळा ऐकू येतो, गंधार नाही. मी त्यांना थांबवते आणि पुन्हा रिषभावरून निघायला लावते. भाव दाखवायला गेलं की सूर हातचा जातो, हे माझं ठाम मत आहे.

दमसासाचंही, म्हणजे एका श्वासात लांब गाण्याच्या ताकदीचंही, तसंच. लांबलचक आलाप म्हणजे हृदयस्पर्शी गाणं असं मानणाऱ्यांनी कुमार गंधर्व ऐकावेत. क्षयानं त्यांचं एक फुप्फुस निकामी केलं, देवासला कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं. नंतरच्या गाण्यात छोटे, झपकन उमटणारे स्वरसमूह आहेत आणि मध्ये मोकळी जागा. त्या जागेत तंबोरा बोलतो, आणि आधीचा सूर आपल्या मनात चालूच राहतो. ही जागा भरून काढण्याची घाई त्यांना नव्हती. मला त्यांच्या गाण्यातलं सगळ्यांत जास्त भिडतं ते हेच.

तेव्हा देणगी की रियाज याचं माझं उत्तर रियाजाकडे झुकतं. मात्र नुसता तानांचा रियाज नव्हे, एका सुरावर न डगमगता थांबण्याचा. तानांना टाळ्या पडतात, पडाव्यातही, पण त्यांनी गळा दाटून आलेला मी क्वचितच पाहिला आहे.

पुढच्या वेळी मारवा लावाल तेव्हा शब्दांकडे दुर्लक्ष करा आणि तंबोऱ्यावर कान ठेवा. षड्ज किती वेळानं आणि कुठल्या सुरावरून येतो तेवढंच बघा. मग त्याच ध्वनिमुद्रिकेची दुसरी बाजू लावा. तिथे खाँसाहेबांचा दरबारी आहे, गंधार नीट ऐका.