जुन्या एमएम ५४० वर सीबी रेडिओची अँटेना कुठं आणि कशी बसवावी?

तुमचा प्रश्न असा की गाडी जुनी एमएम ५४० (महिंद्राची डिझेल जीप), वर कॅनव्हासचा हूड, चार गाड्या मिळून जांबोटी-कणकुंबीकडं जाता, चोर्ला घाटात मोबाइल मरतो म्हणून सीबी सेट, म्हणजे एका गाडीतून दुसऱ्या गाडीशी बोलायचा २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ, घ्यायचाय. मेस्त्री म्हणतो अँटेना बंपरला ठोकू, दोस्त म्हणतो बोनेटजवळ लाव.

दोन्ही नको. मागच्या उजव्या कोपऱ्याला, बॉडीच्या वरच्या काठाला लावा. अमेरिकेतले व्हिडिओ बघितलात तर ते डावी बाजू सांगतात, पण तिथं गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. आपल्याकडं झाडांच्या आणि बांबूच्या फांद्या डाव्या अंगाला येतात, तेव्हा उजवी बाजू बरी. बंपरला लावली तर अर्धी अँटेना बॉडीच्या पत्र्याला आणि स्टेपनीला चिकटून उभी राहते. लांब पोलादी कांब असेल तर ते एक वेळ चालतं, आखूड अँटेनेला नाही. बोनेटजवळ इंजिनाची धग आणि विजेची खरखर दोन्ही जवळ.

लांबीचं गणित सोपं आहे. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटरची, तिचा चौथा भाग पावणेतीन मीटर. म्हणून जुन्या लोकांची आवडती ती १०२ इंची कांब. काम झकास करते, पण जीपवर उभी केली की खेडेगावातल्या लोंबत्या विजेच्या तारांशी गाठ पडायची शक्यता आहे, आणि तो खेळ जिवावरचा. जंगलवाटेला तीन-चार फुटी फायबरची, वरच्या टोकाला तारेचे जास्त वेटोळे असलेली अँटेना घ्या. खाली स्प्रिंग लावा. निदान वरचा तिसरा हिस्सा हूडच्या लोखंडी कमानींच्या वर मोकळा राहायला हवा.

आता खरं दुखणं. या अँटेनेचा उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. कडक टप असलेल्या गाडीत तो आपसूक मिळतो, तुमच्या गाडीत टप कापडाचा. राहिली बॉडी, तर ती चेसिसवर रबराच्या पॅडांवर बसलेली, मध्ये गंज आणि रंगाचे थर. मागचं फाटक बिजागरीवर लटकलेलं, त्याचा बॉडीशी विजेच्या दृष्टीनं संबंध असेल तर असेल. अशा गाडीवर कितीही महागाची अँटेना लावा, आवाज पुढच्या वळणापर्यंतच जाणार. पैसे अर्थिंगवर घाला.

बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये पाच एमएमच्या लोखंडी पट्टीचा एल काटकोनात वाकवून भोक पाडून देतील. भोक अँटेनेच्या स्टडची, म्हणजे अँटेना ज्यावर आवळतात त्या आट्यांच्या खुंटाची, किट हातात घेऊनच पाडा. स्टडचे आटे बहुतेक ३/८ इंचाचे, इंचाला २४, म्हणजे बारीक असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला जाडसर आट्यांचा बोल्ट त्यात जबरदस्तीनं घालू नका. पट्टी जिथं बसणार तिथला रंग घासून पत्रा चकचकीत करा, मध्ये दातेरी वायसर टाका, आवळून झाल्यावर वरून ग्रीस फासा. मग पट्टीपासून चेसिसपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी, रुंद आणि शक्य तितकी आखूड. बारीक लांब वायर टाकली तर मल्टिमीटर ‘जोड आहे’ म्हणेल, पण २७ मेगाहर्ट्झला ती वायर अडथळाच वाटते. फाटक आणि बोनेट यांनाही बिजागरीवरून अशीच एकेक पट्टी द्या.

सगळ्यात जास्त गोंधळ स्टडच्या पांढऱ्या नायलॉन वायसरपाशी होतो. त्याचा खांदा भोकाच्या आत बसला पाहिजे, म्हणजे मधला स्टड लोखंडी पट्टीला कुठंही शिवत नाही. केबल सेटपासून सोडवा आणि मल्टिमीटरची एक सुई केबलच्या मधल्या पिनवर, दुसरी बाहेरच्या कड्यावर ठेवा: बीप वाजता कामा नये. कड्यापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मात्र वाजलीच पाहिजे. (काही अँटेनांत खाली जुळणीचं वेटोळं असतं, त्यात पहिली बीप वाजतेच, माहितीपत्रक बघा.) केबल ५० ओहमची, आरजी-५८ किंवा आरजी-८एक्स. टीव्हीची ७५ ओहमची केबल घरी पडली आहे म्हणून लावू नका.

मग एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे सेटनं पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत येते ते सांगणारा. तो नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, त्याच्याशिवाय सेटचं बटण दाबून बोलू नका. मोकळ्या माळावर जा, झाडं आणि तारा लांब हव्यात, माणसं अँटेनेपासून बाजूला. चॅनेल १ आणि २७ तपासा. २७ वर आकडा जास्त आला तर अँटेना लांब आहे, १ वर जास्त आला तर आखूड. दीडपर्यंत उत्तम, दोनपर्यंत चालेल. सगळीकडं तीनच्या वर असेल तर अँटेना कापायला घेऊ नका, दोष अर्थिंगचा नाहीतर केबलचा आहे. हूड चढवून आणि उतरवून, दोन्ही वेळा मोजा. त्या लोखंडी कमानी फरक पाडतात.

चॅनेल २७ का, तर भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, ५ वॉटपर्यंत, परवान्याची सूट आहे. परदेशी ४० चॅनेलच्या सेटवर २८ वं चॅनेल २७.२८५ ला येतं, म्हणजे हद्दीबाहेर. आणि सूट आहे म्हणजे कुठलाही सेट, कुठलीही अँटेना चालते असं नाही. डब्ल्यूपीसीच्या (केंद्राच्या दूरसंचार खात्यातली वायरलेस शाखा) नियमातली सेटच्या मान्यतेची आणि अँटेनेची अट सेट घेण्याआधी वाचा, बिल गाडीत ठेवा. गोव्याच्या हद्दीवर उंच अँटेना दिसली की कुणीतरी हटकणारच.

करंट थेट बॅटरीवरून, फ्यूज घालून घ्या. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नाही, तेवढी खरखर वाचली. पेट्रोलच्या जिप्सीवाल्या दोस्ताला ती छळेल. मात्र गाडी मिलिटरी डिस्पोजलची असेल तर आधी व्होल्टेज मोजा. काही गाड्या २४ व्होल्टच्या असतात, त्यावर १२ व्होल्टचा सेट जोडला की धूर.

पल्ल्याची आशा माफक ठेवा. मोकळ्यावर काही किलोमीटर, घाटात त्याहून बराच कमी. अँटेना मागं उजवीकडं असल्यामुळं जोर पुढं डावीकडं, जिकडं गाडीचा पत्रा जास्त तिकडं, थोडा जास्त जातो. म्हणून तुमची गाडी ताफ्यात मागं ठेवलेली बरी.

केबल आत घेताना तिला भोकाखाली एक झोल द्या, पाणी तिथंच ठिबकून जाईल. जोडावर रबरी चिकटपट्टी ताणून गुंडाळा. कणकुंबीच्या पावसात उघड्या जोडातून केबलच्या जाळीत पाणी शिरलं तर ती केबल बदलावीच लागते.