बागेचं आरक्षण, 22 गुंठे आणि कलम 127

‘सातबारा आजोबांपासून आमच्या नावावर आहे, मग तिथे घर बांधायचं की बाग करायची हे महापालिकेनं का ठरवायचं?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि वडील आठवले. हेच वाक्य ते रोज जेवताना बोलायचे. तुमच्या 22 गुंठ्यांवर 2012 च्या विकास आराखड्यात बाग दाखवली आहे, म्हणजे ती जागा बागेसाठी आरक्षित आहे. ताबा घेतलेला नाही, पैसे मिळालेले नाहीत आणि बांधकाम परवानगीही मिळत नाही. आमच्या 14 गुंठ्यांवर मैदानाचं आरक्षण होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठरवण्याचा अधिकार महापालिकेला आहे आणि तो असायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या जागेला आज जो भाव येतो तो समोरच्या रस्त्यामुळे, आणि तो रस्ता कुणाच्या तरी शेतातूनच गेलाय. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून निघाला. तरीही अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966.

आरक्षण टाकून जमीन कायमची अडकवून ठेवायची मुभा मात्र हा कायदा देत नाही. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम 127 खाली मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पाऊल उचललं गेलं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि शेजारच्या जमिनीला आराखड्यात जो वापर चालतो तो तुम्हालाही मिळतो. ही मुदत आधी 6 महिने होती, मग 12 झाली, 2015 च्या दुरुस्तीनं 24. महापालिकांना इतकी सवलत द्यायला नको होती, असं मला अजूनही वाटतं.

‘पाऊल’ म्हणजे काय, यावर खूप भांडणं झाली. सर्वसाधारण सभेत ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, एवढ्यानं भागत नाही. भूसंपादनाची घोषणा प्रसिद्ध व्हायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं. त्यामुळे ‘प्रस्ताव पाठवलाय’ असं तोंडी उत्तर मिळालं तर गप्प बसू नका, लेखी मागा.

आमची चूक सांगतो. एका एजंटाच्या सांगण्यावरून आम्ही 10 वर्षं पुरी व्हायच्या चार महिने आधीच नोटीस दिली. ती फुकट गेली, आणि हे कळायला दीड वर्ष गेलं. म्हणून तारीख मंजुरीच्या अधिसूचनेवरून मोजा, बातमीवरून नको. नोटिशीला मालकीची कागदपत्रं जोडा: सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या शहराच्या आराखड्याची सुधारणा सुरू झाली आहे का ते आजच बघा. नोटीस देण्याआधी सुधारित आराखडा मंजूर झाला आणि त्यात तेच आरक्षण कायम राहिलं, तर 10 वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. सर्वोच्च न्यायालयाचा तसा निकाल आहे. माझ्या ओळखीतल्या दोन कुटुंबांचं यातच नुकसान झालं.

नोटीस हा एकच रस्ता नाही. कलम 126 खाली जमीन देऊन पैसे, टीडीआर (दुसऱ्या जागेवर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येईल ती मुभा) घेता येतो. नियमावलीत बसत असेल तर समावेशक आरक्षणही आहे: काही भागावर सुविधा उभारून द्यायची, उरलेली जागा आपण वापरायची. आम्ही शेवटी टीडीआर घेतला. भाव पडलेला असताना विकावा लागला, पैसे मनासारखे आले नाहीत. पण तिथे आज मैदान आहे आणि संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. वडील शेवटची काही वर्षं तिथेच कडेला बसायचे.

भरपाईचा दर ठरवताना सरकार हात आखडतं तेव्हा काय होतं ते पुण्यात दिसतं. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या गावांमधल्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरांचं जैवविविधता उद्यान आखलं आणि मोबदला ठरला जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अवघा 8 टक्के टीडीआर. टेकड्या वाचायलाच हव्यात, त्याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण शहराच्या हवा-पाण्याचा खर्च मूठभर जमीनमालकांच्या माथी मारायचा, हे मला पटत नाही. मालक जमीन द्यायला तयार होत नाहीत, कडेनं बेकायदा बांधकामं चढत जातात, आणि शेवटी मालक आणि टेकडी दोघंही जातात.

म्हणून तुम्हाला विनंती की ‘आरक्षण उठवून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. आधी नगररचना विभागातून झोन दाखला (जागेवर आराखड्यात कोणता वापर दाखवलाय त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जागेपुरता नकाशा) काढा. 22 गुंठे पूर्ण बागेत आहेत की थोडा भाग रस्त्यात आहे, यावर पुढचं सगळं ठरेल. सर्व्हे नंबर झाकून नकाशा इथे टाकलात तर मी बघून सांगतो.